चौथा हिसका

त्याला सगळे चोर म्हणत. दूधवाला म्हणे, शेजारी म्हणत, सख्खी बहीण म्हणे, आणि लग्नानंतर वर्षभर लाजणारी बायकोसुद्धा पुढं बिनदिक्कत हाक मारू लागली, "अहो चोर, जेवायला या." त्यानं जन्मात कुणाची टाचणी उचलली नव्हती. धंदाच तसा होता. त्याची थोरली बहीण राखणीची कुत्री तयार करून गोदामांना, कारखान्यांना, वखारींना देई. सगळं जग तिला ताई म्हणे. कुत्र्यांना चोर पकडायला शिकवायचं तर कुणीतरी चोर व्हावंच लागतं. वडील धडधाकट होते तोवर ते चोर होते. त्यांचे गुडघे गेल्यावर चोरी मुलाकडे आली.

अंगात गोधडी चढवायची. गोधडी म्हणजे कापूस आणि ताग यांचे थर शिवून केलेला कोट आणि विजार, वजन अठरा किलो, वास विचारू नका. डाव्या हातावर बाही, तागाच्या दोरानं गुंडाळलेली, कडक, जोरात ओढली की हातातून निसटून येणारी. उजव्या हातात वेताची चिरलेली काठी, लागते कमी आणि वाजते फार. आवाराच्या पलीकडून ताई "धर!" म्हणून ओरडली की चाळीस किलोचं जनावर सुसाट येऊन बाहीला लटके. मग झगडायचं. हिसके द्यायचे, काठी वाजवायची, तोंडानं शिव्यांचा पट्टा सोडायचा, आणि शेवटी हरायचं. बाही सोडून द्यायची. कुत्रं ती तोंडात धरून आवारभर मिरवतं. वडिलांनी एवढंच बजावलं होतं, "त्याला रोज जिंकू द्यायचं. हरलेलं कुत्रं दारात बांधायच्याही कामाचं नाही."

वडील कधी पाचव्या हिसक्याला हरत, कधी विसाव्या, कधी जमिनीवर लोळून मग. त्यांच्या हरण्याला काही धरबंध नव्हता. चोराला ते खटके. तो जात्याच शिस्तीचा, चपला टाचेला टाच लावून ठेवणारा माणूस. त्यानं धंद्यात शिस्त आणली. एक हिसका कुत्र्याला जागं करायला, दुसरा पकड बघायला, तिसऱ्याला बाही सोडून द्यायची. कुत्री चटकन शिकत, शेपट्या उंच करून फिरत, गिऱ्हाइकं खूश होत. ताईनं भावाची पाठ थोपटली होती. नऊ वर्षं हे असंच चाललं, आणि कुणाच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

मग सुताच्या गोदामावर राखणीला दिलेला भुऱ्या मेला.

रविवारची दुपार होती, गोदाम बंद. तीन माणसं मागचं शटर उचकटून आत शिरली. पहारेकरी शहाणा निघाला; त्यानं स्वतःला काचेच्या केबिनीत कोंडून घेतलं आणि तिथून सगळं बघितलं. ताई आणि चोर पोचले तेव्हा भुऱ्या दोन गाठोड्यांच्या मधल्या बोळात पडला होता. त्याच्या डोक्याचा उजवा भाग राहिला नव्हता. सगळे म्हणाले, तिघांपुढं एकटं जनावर काय करणार? ताईही तेच म्हणाली, आणि दात आवळून बाहेर गाडीशी जाऊन उभी राहिली. चोर मोरीवर हात धूत होता तेव्हा पहारेकरी त्याच्या कानाशी आला.

"एक सांगू का? कुत्र्यानं एक जण धरला होता हो. दंडाला असा धरला की तो माणूस गुरासारखा ओरडत होता. त्या माणसानं हिसके दिले दोन-तीन, आणि तुमच्या कुत्र्यानं आपणहून सोडलं. सोडून उभा राहिला. शेपटी वर, त्याच्या तोंडाकडे बघत. काहीतरी शाबासकी मिळणार असल्यासारखा. मग त्या माणसानं सळी घातली."

"किती वेळा?" चोरानं विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

"मोजलं नाही. पण पहिल्या फटक्यालाही तो पळाला नाही. बघतच राहिला."

चोरानं नळ बंद केला. भुऱ्याला पोत्यात घालून खांद्यावर घेतलं, घरी आणलं, आवाराच्या कोपऱ्यात खड्डा खणला. पहारेकऱ्यानं सांगितलेलं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ना ताईला, ना बायकोला.

त्यानंतरचे सात महिने तो आळशी झाला असं म्हणणाऱ्याची जीभ झडो. तो रोज वेळेवर उठे, दाढी करी, आवारात येई, सामानाच्या खोलीत शिरे आणि खुंटीवरच्या गोधडीसमोर बादली पालथी घालून तिच्यावर बसे. आता उठायचं, हे तो ठरवी. मनातल्या मनात उठेही. हात खुंटीपर्यंत गेलासुद्धा असं वाटे, आणि बघतो तर हात मांडीवरच. संध्याकाळ झाली की घरी जाई. लोकांनी उपदेशाचा नुसता रतीब लावला. कुणी म्हणे सकाळी चालायला जा, कुणी म्हणे मन रमव, कुणी म्हणे अमुक गोळ्या घे, माझ्या मेहुण्याला गुण आला. बायको आधी गोड बोलली, मग रडली, मग एक दिवस ताट आपटून म्हणाली, "नवरा मेला असता तर निदान लोक भेटायला आले असते!" त्यावर तो "हं" म्हणाला. त्या "हं"चीच तिला भीती वाटे.

ताईनं दोन बदली चोर आणून पाहिले. पहिला पहिल्याच दिवशी कुंपणावरून उडी मारून गेला, त्याची एक चप्पल अजून आवारात आहे. दुसरा व्यायामशाळेतला पहिलवान, आडदांड आणि आज्ञाधारक. ताईनं त्याला घरची रीत शिकवली: तीन हिसके, मग बाही सोडायची. रीत कुणाची होती हे तिनं अभिमानानं सांगितलंही. पहिलवानाच्या हाताखाली तांबडी नावाची दोन वर्षांची कुत्री तयार होत होती. ती शनिवारी जायची होती. त्याच सुताच्या गोदामावर.

गुरुवारी सकाळी चोर बादलीवर बसला होता आणि समोरच्या खिडकीतून आवार दिसत होतं. तांबडी सुटली, पहिलवानाच्या बाहीला लटकली. एक. दोन. तिसऱ्या हिसक्याला बाही पहिलवानाच्या हातात अडकली, निघालीच नाही. पण तांबडीचा जबडा सैल झाला. ती बाही सोडून मागं सरली, शेपटी उंच केली आणि पहिलवानाच्या तोंडाकडे बघू लागली.

चोर उठला. उठला हे त्याला दारात गेल्यावर कळलं.

"थांबव," तो म्हणाला.

ताईनं वळून पाहिलं. "काय रे? तोंड उघडलंस?"

"तिला पाठवू नकोस. ती मरेल. भुऱ्या मेला तशीच मरेल." आणि मग सात महिने गिळून ठेवलेलं सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगून टाकलं. पहारेकरी काय म्हणाला ते. तीन हिसके. शेपटी वर. माझ्यामुळं, ताई, मी शिकवलं त्याला तसं.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. तांबडीला पिंजऱ्यात घातलं, कडी लावली. मग हातातला चामड्याचा पट्टा दुहेरी केला आणि भावाच्या तोंडावर ओढला.

"सात महिने!" दुसरा फटका मानेवर बसला. "सात महिने माझ्याकडून तेच करून घेतलंस! मी त्या गधड्याला शिकवत होते तेव्हा खिडकीत बसून बघत होतास!" तिसरा, चौथा, मोजायला कुणाला वेळ होता? पन्नाशीची बाई, पण रोज चाळीस किलोची जनावरं आवरणारे हात होते ते. पट्ट्याचा लोखंडी हूक त्याच्या भुवईवर लागला, डोळ्यात रक्त उतरलं. पहिलवान मध्ये पडायला गेला तर त्याच्या कानाखाली असा आवाज निघाला की तो सरळ फाटकातून बाहेर गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही.

चोर उभाच होता. हात खाली.

"हात तरी वर कर!" ताई किंचाळली. "तोंड तरी झाक, मेल्या! खांबाला मारतेय का मी?" तिनं त्याला छातीवर ढकललं. तो खाली बसला. तिनं पट्टा फेकून दिला, त्याच्या शेजारी मातीत फतकल मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आईवडील गेले तेव्हाही ती त्याला असं रडताना दिसली नव्हती. त्याला रडायचं होतं, येत नव्हतं.

"तिला पाठवू नकोस," तो पुन्हा म्हणाला.

"शनिवारी ही नाही पाठवली तर पुढच्या महिन्यात दुसरी पाठवीन. कुत्री कुरवाळायला नाही पाळलीत आपण." तिनं पदरानं नाक पुसलं. "तिची खोड मोडायची. आज, उद्या, एवढाच वेळ आहे. मला नाही करता येणार, मला ती कधी चावायची नाही. तू कर, नाहीतर शनिवारी गाडीत चढव तिला आणि घरी जाऊन बस."

असल्या प्रसंगी माणूस कंबर कसून उभा राहतो असं आपण ऐकत आलो आहोत. चोर उभा राहिला खरा, पण गोधडीची बंदं ताईला बांधावी लागली. आवाराच्या मध्यावर जाऊन त्यानं बाही पुढं केली.

"धर!"

तांबडी आली. सात महिन्यांनी अंगावर आलेला तो धक्का त्याच्या खांद्यातून पार टाचेपर्यंत गेला. एक हिसका. दोन. तीन. तिची पकड सुटली, ती मागं सरली आणि वर बघू लागली. जीभ बाहेर, डोळे लकाकत होते. काय करायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ज्या क्षणी ती सोडते त्याच क्षणी तिच्यावर तुटून पडायचं. सोडलं की मार बसतो, हे तिच्या हाडात उतरवायचं. त्यानं काठी वर नेली. ती काठीकडे बघून शेपटी हलवू लागली.

काठी वरच राहिली.

"मार!" ताई ओरडली. "तू नाही मारलंस तर तो सळी मारेल!"

त्यानं मारलं. चिरलेली काठी कमी लागते हे खरं, पण त्यानं ती फिरवली तेव्हा सात महिन्यांचा सगळा गंज त्या हातात होता. तांबडीच्या नाकाडावर फटका बसला, ती केकाटली, जमिनीवर आडवी झाली. त्यानं दुसरा घातला. ती पोट घासत पळाली ती थेट आपल्या पिंजऱ्यात, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. नाकातून रक्ताचे थेंब फरशीवर पडत होते. हाका मारल्या, मांसाचा तुकडा टाकला, ताईनं पाठीवरून हात फिरवला. ती हलली नाही.

दुपार गेली. शुक्रवारची सकाळही तशीच गेली. तांबडीनं पाण्याला तोंड लावलं नाही. ताई पिंजऱ्यात बसून तिला लाडीगोडी लावत होती, बाई माझी, शहाणी माझी, चल थोडी फिरून येऊ. चोर जाळीपलीकडे उभा राहून ते बघत होता. भिंतीकडे लावलेलं ते तोंड, ती वाकलेली पाठ, हाकेला कानसुद्धा न हलवणं. आणि त्याला कीव यायच्या ऐवजी भयंकर राग आला. मी असा दिसत होतो? सात महिने बायकोसमोर, ताईसमोर, मी हा असा बसलो होतो? आणि या बिचाऱ्या माझ्याशी हेच गोड बोलत होत्या? त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. लाडीगोडीनं काडीचाही फरक पडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"बाहेर हो," तो म्हणाला. "मी आत जातो. बाहेरून कडी घाल."

"गोधडी घाल आधी."

"गोधडीला ती ओळखते. गोधडी दिसली की तिला खेळ वाटतो."

त्यानं डाव्या दंडावर चामड्याची पातळ पट्टी बांधली, वर साधा सदरा चढवला आणि काठी घेऊन आत गेला. पिंजरा सहा फूट बाय चार फुटांचा. ताईनं कडी घातली आणि हात कडीवरच ठेवला.

त्यानं तांबडीला पायानं ढोसलं. ती आणखी आक्रसली. पुन्हा ढोसलं, काठी तिच्या कानाशी जाळीवर आपटली, पत्र्याच्या छपरावर बडवली. त्या डबीएवढ्या जागेत तो आवाज कवटी फोडत होता. "ऊठ!" तो ओरडला. "ऊठ, भवाने! मरायचंय तुला? भिंत बघत मरायचंय?" त्यानं तिची मान धरून तिला भिंतीपासून खेचलं आणि फरशीवर दाबलं. तिच्या गळ्यातून एक बारीक गुरगुर निघाली. त्यानं काठीचा फटका तिच्या पुठ्ठ्यावर दिला.

तांबडी उलटली. पट्टी तिनं बघितलीच नाही. ती पट्टीच्या वर, खांद्याखालच्या मऊ मांसात घुसली. चोराला आपल्याच मांसाचा टर्रकन आवाज ऐकू आला. एका क्षणात सदरा गरम आणि ओला झाला. त्यानं जीव खाऊन हिसका दिला. दुसरा दिला, ती भिंतीवर आदळली. तिसरा.

तिचा जबडा जरासा सैल पडला.

"नाही!" चोर ओरडला आणि काठीचा बुंधा तिच्या बरगडीत घातला. सुटत आलेली पकड तिनं सोडलीच नाही. दात आणखी खोल गेले. चौथा हिसका. तिच्या डोळ्यांत आता खेळ नव्हता. ती त्याला ठार मारायला बघत होती आणि तिचं बरोबर होतं. तो तिच्यासकट भिंतीवर आदळला, जाळीवर आदळला, पाय घसरून खाली पडला, तिला अंगाखाली घेतलं, तिनं त्याला अंगाखाली घेतलं. रक्तानं फरशी निसरडी झाली होती. तो शिव्या देत होता, तिला, त्या सळीवाल्याला, त्या केबिनीत बसलेल्या पहारेकऱ्याला, आपल्या नीट लावलेल्या चपलांना. कुठल्या तरी हिसक्याला त्याच्या ध्यानात आलं की आपण खरोखरच झगडतो आहोत. शिकवायला म्हणून नाही. त्याला हात सोडवायचा होता, त्याला जगायचं होतं, त्याला जिंकायचं होतं! इतके दिवस कुठं मेलं होतं हे?

"म्हणू का सोड?" ताई बाहेरून ओरडत होती. तिचा आवाज फाटला होता. "अरे, म्हणू का?"

"नको! थांब! अजून नको!"

त्यानं आणखी झगडून घेतलं. मग, जेव्हा तिचे श्वास फुत्कारू लागले आणि तरी पकड ढिली होईना, तेव्हा तो हरला. अंग सैल सोडलं, काठी टाकली, पाठीवर पडून राहिला. "जिंकलीस," तो म्हणाला. "जिंकलीस गं बाई."

"सोड!" ताई म्हणाली. तांबडीनं एक क्षण विचार केला, तेवढ्यात ताईच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग तिनं सोडलं. ती त्याच्या छातीवर पुढचे पाय रोवून उभी राहिली. तोंड रक्तानं माखलेलं, शेपटी उंच. दोन दिवसांत पहिल्यांदा ती पाणी प्यायली, ती अख्खी बादली.

उरलेला शुक्रवार त्यांनी वाया घालवला नाही. चोरानं खांदा फडक्यानं करकचून आवळला, वर गोधडी चढवली आणि तो तिच्याशी अकरा वेळा झगडला. एकदा दुसऱ्याच हिसक्याला हरला, एकदा तिसाव्या, एकदा पळत पळत, एकदा मेल्याचं सोंग करून. दोनदा ती तिसऱ्याला बिचकली आणि दोनदा तिनं मार खाल्ला. त्यानंतर ती ताई "सोड" म्हणेपर्यंत तोंड उघडेना. शनिवारी गोदामात, त्याच गाठोड्यांच्या बोळात, ताईनं शेवटची परीक्षा घेतली. चोरानं तांबडीला गाठोड्यांवर आपटलं, पायाखाली घेतलं, काठीचे तुकडे होईपर्यंत मारलं. ती लोंबकळत राहिली. पहारेकरी केबिनीच्या काचेला नाक लावून बघत होता. "अहो, हा माणूस मरेल," तो म्हणाला. ताई म्हणाली, "तुम्ही आतच बसा. तुम्हाला सवय आहे."

तांबडी गोदामावर राहिली. चोराला ताईनं गाडीत घातलं आणि कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. माणसांच्या डॉक्टरांकडे गेलं की ते नाना प्रश्न विचारत. हे डॉक्टर गेली नऊ वर्षं कुत्र्यांबरोबर चोरालाही शिवत आले होते.

"चोरसाहेब, फार दिवसांनी," डॉक्टर सुई ओवत म्हणाले. "मला वाटलं सुधारलात." खांद्यावर चौदा टाके पडले, गोधडीतून दात लागलेल्या मांडीवर नऊ. भुवईवरची जखम बघून त्यांनी विचारलं, "हे कुणाचे दात?"

"हिचे," चोर ताईकडे बोट दाखवून म्हणाला आणि हसला. ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. ते हसू बघायला तिनं सात महिने देव पाण्यात घातले होते.

"महिनाभर हात हलवायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

गाडीत बसल्यावर ताईनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली.

"काय?" चोरानं विचारलं.

"आज नव्हतं सांगायचं मला. तू नुकता उभा राहिलायस."

"सांग."

"नऊ वर्षांत तू शिकवलेली किती दिली आपण? त्यातली म्हातारी होऊन मेलेली सोडून दे. अजून कामावर उभी आहेत अशी अकरा आहेत, चोरा. गुरुवारी तू तोंड उघडलंस तेव्हाच मोजली मी. म्हणून तर मारलं तुला एवढं."

अकरा दारं, अकरा साखळ्या, आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला एक जनावर, शेपटी वर करून तिसऱ्या हिसक्याची वाट बघणारं. तो बादलीवर बसला होता त्या प्रत्येक दिवशी ती तिथं उभी होती. तो सीटवर पुढं वाकला आणि ताईला क्षणभर वाटलं, गेला हा पुन्हा, बसला हा आता खाली.

"सगळ्यात जवळ कोण?" त्यानं विचारलं.

"लाकडाच्या वखारीत. मुकादम."

"सोमवारी सकाळी जाऊ. बाही उजव्या हातावर बांध, काठी डाव्या हातानं मारीन."

मुकादम हे त्यानं शिकवलेलं पहिलं कुत्रं. पिल्लू असल्यापासून हमालांवर देखरेख केल्यासारखं आवारभर फिरे म्हणून ते नाव पडलं. मुकादमाला दूध बाटलीनं चोरानंच पाजलं होतं, आणि पहिल्या हिवाळ्यात तो चोराच्या पांघरुणात झोपला होता. आता त्याचं तोंड पांढरं झालं होतं, मागचे पाय जरा आखडले होते, पण वखारीच्या मालकाचा त्याच्यावर फार जीव. सोमवारी चोर फाटकातून आत आला तशी मुकादमानं साखळी ताणली, मागच्या पायांवर उभा राहिला आणि लहान पोरासारखा कूं कूं करू लागला. चार वर्षांनी भेटत होते दोघं. चोरानं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ताईनं साखळी हातात घेतली. "धर!"

मुकादम जुन्या आठवणीनं आला, म्हातारपण विसरून, आणि बाहीला झक्क लटकला. एक. दोन. तीन. त्यानं बाही सोडली, दोन पावलं मागं सरला, पांढरं तोंड वर केलं आणि शेपटी हलवत आपल्या माणसाकडे बघू लागला.

चोरानं काठी घातली.

म्हाताऱ्याचे पाय दुमडले. त्याला काही कळलं नाही. तो तसाच सरपटत पुढं आला आणि ज्या हातात काठी होती तो हात चाटू लागला. वखारीचा मालक "अहो, अहो, काय करताय!" म्हणून धावला, ताईनं त्याला कोपरानं मागं रेटलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. चोरानं हात झटकून सोडवला आणि दुसरा फटका पहिल्यापेक्षा जोरात मारला. मुकादम ओरडला नाही. तो मागं झाला, मान खाली घालून उभा राहिला, ओठ मागं घेतले, आणि जन्मात पहिल्यांदा चोरावर गुरगुरला.

चोराला रडू फुटलं. सात महिने अडून बसलेलं रडू, नाकातोंडातून, वखारीच्या सगळ्या हमालांदेखत.

"शाबास," तो रडत रडत म्हणाला, "शाबास, म्हाताऱ्या," आणि बाही पुढं करून त्यानं काठी पुन्हा उगारली.